सोळा सप्टेंबरची गाय

६ जानेवारी २०२५, सोमवार

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! कॉलेजला पन्नास वर्षं पूर्ण होतात, स्मरणिका निघणार, आणि तिच्यात ‘संस्था व इमारतींचा इतिहास’, वीस पानं. कोण लिहिणार? डॉ. हर्षा रामटेके. डीनसरांनी नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे ते काम कोणालाच नको होतं.

“तुमच्या तर घरातच इतिहास आहे, मॅडम,” सर म्हणाले. बाबांबद्दल. बाबा इथे बत्तीस वर्षं नोकरीला होते – आधी पोस्टमार्टम हॉलमध्ये परिचर, मग लायब्ररीत दफ्तरी. ज्या पशुवैद्यकीय कॉलेजात बापानं मेलेली ढोरं उचलली तिथेच लेक पॅथॉलॉजी शिकवते – हे वाक्य किती भाषणांत ऐकलंय! दर वेळी छाती फुगते. खोटं कशाला लिहू.

८ फेब्रुवारीला सोहळा. जुना पोस्टमार्टम हॉल पाडून तिथे सभागृह होणार, त्याची पायाभरणीही त्याच दिवशी. नाव ठरलंय – डॉ. बेलखोडे सभागृह. आमच्या विभागाचे पहिले प्रमुख. त्यांचा फोटो माझ्याच खुर्चीमागे टांगलाय.

९ जानेवारी

आज बाबांना घेऊन ओट्यावर बसले. वही, पेन, चहा. सत्त्याहत्तर वर्षांचे झाले, पण सुरुवातीच्या गोष्टी कालच्यासारख्या सांगतात.

“काही नव्हतं तिथी. जंगल खात्याचा लाकडाचा डेपो होता. दोन शेड. एका शेडात पोरं शिकत, दुसऱ्यात ढोरं बांधत. पाणी आलं का छपराचे कवेलू गळत, मंग पोरं अन् ढोरं एकाच शेडात!”

स्वतःच हसत होते. मुख्य इमारत ७८ सालची, तिचे दगड मूल गावाच्या बाजूने बैलगाड्यांनी आले. हॉस्टेल ७९. पोस्टमार्टम हॉल ८०.

आजोबांची गोष्ट पहिल्यांदा कळली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. गावाने बहिष्कार घातला तरी हात लावला नाही. आणि वीस वर्षांनी पोरगा सरकारी नोकरी म्हणून तेच करायला गेला! “सहा महिने बोलला नाई माह्याशी. मी म्हटलं, बाबा, तिथी मी ओढत नाई, तिथी मी शिकून राह्यलो. सुरी माह्या हातात आहे. साहेबाची पोरं मले विचारते – देवरावभाऊ, ह्ये काय, थे काय. प्लीहा कोणती, मले विचारते!”

मग मी पोस्टमार्टम हॉलचं विचारलं. तिथे काम करायला कसं वाटायचं?

“ते पाडून राह्यले ना? पाडू दे.”

कप तसाच ठेवून आत गेले.

१३ जानेवारी

हॉल उघडला. ९४ साली नवा हॉल झाल्यापासून हा बंद. स्टोअरवाले चैतूभाऊ कुलपात तेल घालून अर्धा तास खटपट करत होते. आत मोडके बाक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वटवाघळांचा वास. पण इमारत चांगली बांधलीय हो! फरशीला मधोमध उतार, सगळं पाणी एका नालीत. छताला लोखंडी कप्पी, भिंतीत कड्या, बैल बांधून ठेवतील एवढ्या जाड. खिडक्या उंच, उजेड थेट टेबलावर. हे पाडणार. आणि सभागृहात काय, सत्कार!

लोखंडी कपाटात रजिस्टरं सापडली, १९८० ते ९४. पाच घरी आणलीत. प्रफुल म्हणतो, बायको, घराचा स्टोअर करू नको. त्याची या आठवड्यात पॉवर स्टेशनला सकाळची शिफ्ट, दुपारी घरीच असतो, म्हणून कटकट.

१५ जानेवारी, बुधवार

 आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पोस्टमार्टम रजिस्टर, १६ सप्टेंबर १९८२. गाय, गावठी, वय अंदाजे सहा. वेळ सकाळी अकरा. शव उघडले. निदान – सर्पदंश. सही, डॉ. बेलखोडे.

सर्पदंश वाचून मी पुढे गेलेही होते. मग सहज सूक्ष्मजीवशास्त्राचं त्याच महिन्याचं रजिस्टर चाळलं, आणि तीच गाय! तोच नंबर. “कानाच्या शिरेतून रक्त. काचपट्टी तपासली. निळ्या काड्या, भोवती गुलाबी कवच. अँथ्रॅक्स. विभागप्रमुखांस तोंडी कळविले.” वेळ – साडेनऊ.

साडेनऊला माहीत होतं. अकराला फाडली!!

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्या तासाला काय शिकवते? जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर उघडायचं नाही. अँथ्रॅक्स, गावाकडे म्हणतात ती फाशी, असते ती. हात लावायचा नाही, कातडं काढायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं. उघडली की तिचं विष जमिनीत, हवेत, माणसाच्या अंगात. हे बेलखोडेंच्याच नोट्समधून शिकवते मी!

त्या दिवशी विद्यापीठाचं पाहणी पथक आलं होतं. अहवालात ओळ आहे – “प्रात्यक्षिक पाहून समिती प्रभावित झाली.”

१६ जानेवारी

चैतूभाऊंना विचारलं, ८२ साली कोणी आजारी पडलं होतं का. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

“एक जण मेला ना, मॅडम. लालसू मडावी. रोजंदारीवर होता. कॉलेजमागच्या टोल्यातला, त्या वस्तीतला. त्यानंच बैलबंडीवर ती गाय आणली होती. हातावर काळा फोड आला, मंग सुजला, सहाव्या रोजी गेला.”

“त्याच्या घरी कोण होतं?”

“तुम्हाले नाई मालूम? सुकरीबाईचा नवरा तो.”

सुकरीबाई!! जिने माझं डिपार्टमेंट पंधरा वर्षं झाडलं. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी जिने टेबल पुसून दिलं आणि म्हणाली, “बसा मॅडम, आता तुमची खुर्ची.” वर बेलखोडेंचा फोटो. त्या फोटोची धूळ रोज तिने पुसली!

१७ जानेवारी

जिल्ह्याच्या दवाखान्यात लालसूचा केसपेपर ‘विषारी ताप’ म्हणून आहे – त्याची नक्कल रोजंदारांच्या जुन्या फाईलला लागलीय. कॉलेजातून कोणी सांगितलंच नाही त्यांना. पेनिसिलिन दिलं असतं तर वाचला असता. पेनिसिलिन! आमच्या औषधालयात गाईंसाठी खोक्यांनी होतं.

१८ जानेवारी

दिवसभर वर्ग घेतले. काय शिकवलं ते आठवत नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज लालसूच्या मृत्यूच्या चौकशीची फाईल मिळाली. मिळाली नसती तर बरं झालं असतं.

डॉ. बेलखोडेंचा निष्कर्ष: रोजंदार लालसू मडावी याने दारूच्या नशेत, कोणाचीही परवानगी न घेता, मांसासाठी शव उघडले. संस्थेचा दोष नाही. आधार – प्रत्यक्षदर्शी कर्मचाऱ्याचा जबाब.

जबाब एका पानाचा. “मी त्यास मना केले, त्याने ऐकले नाही.” खाली सही.

ती सही मी माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पाहिलीय. द ला लांब शेपटी. देवराव रामटेके.

माझे बाबा.

मागेच बदलीचा आदेश. जबाबानंतर अकरा दिवसांनी बाबा पोस्टमार्टम हॉलमधून लायब्ररीत. पंख्याखाली! बक्षीस, दुसरं काय म्हणायचं? आणि तिसरा कागद – सुकरी लालसू मडावी, सफाईगार म्हणून नेमणूक. तिचंही तोंड बंद.

लहानपणी बाबांसोबत लायब्ररीत बसायचे मी. तिथेच वाचायला शिकले. त्या जागेची किंमत कोणी दिली?

२१ जानेवारी

विचारलं. जबाबाची झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“ही सही तुमची?”

चष्मा लावून पाहिलं. 

“हो.”

“लालसू दारू प्याला होता?”

“नाई. तो पीतच नव्हता. सायबानं म्हटलं फाड, त्यानं फाडली. मी पाय धरून होतो गाईचे.”

“मग हे खोटं आहे.”

“हो. खोटं आहे.”

“का केली सही? कशासाठी केली बाबा? लायब्ररीसाठी?”

त्यांनी चष्मा काढून झेरॉक्सवर ठेवला. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले त्यांच्यावर. प्रफुल आतून धावत आला. बाबा तसेच बसून. शेवटी एवढंच –

“कागदावर आहे ना? मंग लिही. माह्यं नाव बी लिही.”

२२ जानेवारी

बोलत नाही त्यांच्याशी. ताट वाढून ठेवते.

२४ जानेवारी

प्रफुल म्हणतो, “आधी सुकरीबाईला भेट. तिला माहीत तरी आहे का हे?” त्याला सांगायला काय जातं! मी कोणत्या तोंडाने जाऊ? जाऊन काय म्हणू – तुझ्या मेलेल्या नवऱ्याला माझ्या बापानं दारुड्या ठरवलं?

गेले होते खरं तर. कॉलेज सुटल्यावर टोल्याच्या रस्त्याला गाडी घातली. हापशीपर्यंत गेले. ती अंगणात मोहाच्या पत्रावळी लावत बसलेली दिसली, पाठमोरी. केस पार पांढरे झालेत. गाडी वळवली.

लिहून झालं की जाईन. आधी खरं बाहेर येऊ दे.

२७ जानेवारी

डीनसरांनी माझं प्रकरण वाचलं. दार लावून घेतलं.

“मॅडम, इमारतींचा इतिहास लिहायला सांगितला होता. हे काय आणलं?”

“त्या इमारतीत घडलंय, सर.”

“त्रेचाळीस वर्षं झाली. बेलखोडेसर गेले, लालसू गेला. आता कोणाला न्याय देता? आणि तुमच्या वडिलांचं नाव... तुम्हाला समजतंय ना?”

त्यांनी दोन पानांवर लाल रेघ मारली. त्या जागी एक ओळ: “सप्टेंबर १९८२ मध्ये एका कर्मचाऱ्याचे दुर्दैवी निधन झाले.” एका कर्मचाऱ्याचे! नावही नाही.

सर वाईट माणूस नाहीत. जाताना म्हणाले, “घरी जाऊन वडिलांजवळ बसा.” त्याचाच जास्त राग आला.

३० जानेवारी

स्मरणिका छापायला गेली. त्या ओळीसकट.

२ फेब्रुवारी, रविवार

सोहळ्यात मला सात मिनिटं आहेत – ‘शेडपासून सभागृहापर्यंत’. लिहिलेलं भाषण सरांनी पास केलंय.

मी ते वाचणार नाही.

प्रफुलला सांगितलं. तो म्हणाला, “बाबा समोर बसलेले असतील, हर्षा.” निवृत्त कर्मचाऱ्यांचा सत्कार आहे, बाबांना निमंत्रण आलंय. सुकरीबाईलाही.

दोघं एकाच रांगेत! बरंच आहे. तिला ऐकायला मिळेल. तिच्यासाठीच तर करतेय.

बाबांनाही सांगितलं, बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. वाटलं, येणार नाहीत. म्हणाले, “माह्या पांढऱ्या शर्टाची बटन तुटली आहे. लावून देशील?”

लावून दिली. सुई बोटात गेली दोनदा.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोलले.

कागद बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. दोन शेड, दगडांच्या गाड्या, कप्पी आणि कड्या – लोक हसत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. मग म्हटलं, ज्या हॉलच्या जागी आज पायाभरणी आहे तिथे सोळा सप्टेंबर ब्याऐंशीला एक गाय फाडली गेली. दोन्ही वेळा सांगितल्या. साडेनऊ. अकरा. समोर दोनशे डॉक्टर! त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. मोबाईल खाली आले. मग लालसू मडावीचं नाव घेतलं, पूर्ण नाव, टोल्यासकट. पेनिसिलिन. मग जबाब.

“तो खोटा जबाब ज्यांनी दिला ते देवराव रामटेके माझे वडील आहेत. ते इथेच बसलेत.”

सगळ्या माना वळल्या. बाबा तिसऱ्या रांगेत. त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. वर काढलीच नाही.

तेवढ्यात त्याच रांगेतून सुकरीबाई उठली. हिरवं लुगडं, हातात सत्काराचं श्रीफळ. मला वाटलं, ती माझ्याकडे येईल. पण ती बाबांच्या समोरून गेली, क्षणभर थांबली, आणि माझ्याकडे असं पाहिलं – असं! – आणि दारातून निघून गेली. श्रीफळ खुर्चीवर.

मला काहीच कळलं नाही. त्रेचाळीस वर्षांची जखम उघडी पडली, राग येणारच तिला. बाबांचाच राग असेल.

पायाभरणी झाली नाही. पाहुणे न जेवताच गेले. काही पोरी येऊन माझ्या गळ्यात पडल्या, रडल्या. एक जुने प्राध्यापक तोंड फिरवून गेले. डीनसर फक्त म्हणाले, “झालं तुमचं समाधान?”

९ फेब्रुवारी

फोनवर फोन. कोणी म्हणे धाडस, कोणी म्हणे बापाला भर सभेत नागवं केलं. विद्यापीठाने स्पष्टीकरण मागवलंय – सभागृहाचं नाव तूर्तास स्थगित. बेलखोडेंचा फोटो भिंतीवरून कोणीतरी उतरवलाय, चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

बाबा अंथरुणावरून उठले नाहीत. कालचा पांढरा शर्ट अंगात तसाच. भिंतीकडे तोंड. “जेवता का?” विचारलं तर म्हणाले, “तू जेव.” आवाजात राग नाही. राग असता तर सोपं होतं.

१० फेब्रुवारी

बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही सकाळपासून. प्रफुलने डॉक्टरांना बोलावलं. बीपी पार खाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दारात सुकरीबाई. दोन बस बदलून आमच्या ऊर्जानगरला आली. पाणी दिलं तर घेतलं नाही. मी पाया पडायला वाकले, माफी मागायला – बाबांच्या वतीने. तिने हात झटकला.

“तुह्या बापानं दोन डाव जबाबाचा कागद फाडला. दोनदा! सायब म्हणे नोकरीवरून काढतो, हा म्हणे काढ. मंग हापिसाच्या बाबूनं मले सांगतलं – देवराव सही करन तं तुले लालसूच्या जाग्यावर पक्की घेतो. नाई करन तं जा जंगलात. माही पोर पुनम सात महिन्याची. मी तुमच्या घरी आली, पोरीले तुह्या बापाच्या पायावर ठेवलं. म्हटलं, भाऊ, मेला तो मेला. आमाले जगव. सही कर. तो रडला, बाई. सही केली अन् दुसऱ्याच रोजी अर्ज देला – मले त्या हॉलातून काढा, मले तिथी पाय टाकवत नाई.”

तिने न घेतलेला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

“मीच त्याले शपथ घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून. माही नोकरी जाईन. त्यानं आपल्या पोरीलेबी नाई सांगतलं.”

ती बाबांच्या खोलीकडे निघाली. उंबऱ्यावर थांबली.

“पन्नास सालाचा इतिहास लिवला तू. चैतूले विचारलं, कागदाले विचारलं. माह्या नवऱ्याचा होता ना थो? मले एक डाव काऊन नाई विचारलं?”